ड्रॉइंगमध्ये नसलेली गाडी

जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडायचे आणि त्यावरनं रोड रोलर फिरवायचा, हा फोटो पुण्यातनं येतो, नागपुरातनं येतो, आमच्या कोल्हापुरातनं पण येतो आणि दर वेळी तो बघून मला मनापासून बरं वाटतं. आईचं बायपास झालं तेव्हा ती दीड महिना घरी झोपून होती, आणि आमच्या गल्लीतनं रोज रात्री एक पोरगं बुलेटचे फटाके वाजवत जायचं. गाडी गेली की आईचा हात छातीवर जायचा. त्यामुळं पुढं जे लिहितोय ते सायलेन्सरवाल्यांची वकिली म्हणून वाचू नका, त्यांच्याबद्दल माझ्या मनात काहीही माया नाही.

माझं म्हणणं दुसऱ्या माणसाबद्दल आहे. जो जुनी, गंजलेली, भंगारवाल्यानं किलोवर मागितलेली गाडी घरी ठेवतो, दोन-दोन वर्षं पगारातनं पैसे बाजूला काढून ती उभी करतो, तिचं हँडल खाली घेतो, सीट बदलतो, ब्रेक सुधारायला बघतो, आणि रस्त्यावर कुणालाही त्रास न देता रविवारी सकाळी पन्हाळ्याला जाऊन चहा पिऊन परत येतो. या माणसाला आणि त्या फटाकेवाल्याला आपला कायदा एकाच कलमात बसवतो. बरं, या जुन्या गाडीवाल्यानं ठरवलं की मला सगळं कायद्यानं करायचंय, गाडी घेऊन जातो, साहेब तपासा, पास झाली तर आरसीवर लिहून द्या, नापास झाली तर परत खोलतो, तर तशी खिडकीच नाही. ती खिडकी पाहिजे असं माझं मत आहे आणि ते मी कुठंही मांडायला तयार आहे.

मी शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, अठरा वर्षं झाली. कास्टिंग येतं, मशीनिंग होतं, आणि ड्रॉइंगवर जे माप दिलंय त्यात जॉब बसतोय का हे बघायचं, एवढं आमचं काम. कधीतरी जॉब ड्रॉइंगबाहेर जातो. बोअर दहा मायक्रॉननं मोठा होतो, एखादं भोक जरा सरकतं. अशा वेळी आम्ही तो जॉब लगेच भंगारात टाकत नाही आणि डोळे झाकून पास पण करत नाही. डेव्हिएशन नोट टाकतो. काय बदललं, किती बदललं, त्यानं कामात धोका आहे का, कुणी मोजलं, कुणी सही केली, सगळं कागदावर येतं आणि मग कस्टमर हो किंवा नाही म्हणतो. जगातले सगळे चांगले कारखाने असंच चालतात, कारण ड्रॉइंगबाहेर गेलेली प्रत्येक वस्तू वाईट असते असं कुठलाच शहाणा इंजिनिअर म्हणत नाही. आपल्या मोटार वाहन कायद्यात जुन्या दुचाकीसाठी ही डेव्हिएशन नोट नाहीये.

आता कायदा नेमका काय म्हणतो ते बघू, कारण गॅरेजमध्ये बसून यावर लई हवेतलं बोललं जातं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. मालकानं गाडीत असा फेरफार करायचा नाही की आरसीतली माहिती आणि कंपनीनं मुळात दिलेली माहिती यात फरक पडेल. आधी राज्याराज्यांत याचा अर्थ सैलपणे लावला जायचा. मग केरळमधनं गेलेल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं ९ जानेवारी २०१९ ला निकाल दिला आणि सांगितलं की कंपनीनं ज्या स्पेसिफिकेशनवर गाडीची मंजुरी घेतलीय ती बदलता येणार नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं, त्यात अशा प्रत्येक फेरफाराला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. कोर्टाच्या मागचा विचार मला पटतो. कंपनीची गाडी रस्त्यावर यायच्या आधी तपासून घेतलेली असते, आमच्या पुण्यात वेताळ टेकडीला एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था आहे तिथं ब्रेक, आवाज, धूर, दिवे सगळं मोजतात, आणि मग कुणीतरी कटर घेऊन ते सगळं बदलून टाकायचं हे चालणार नाही, बरोबर आहे.

पण मग त्याच कलमात बाकीची दारं बघा. सीएनजी किट लावता येतं, मान्यता असलेलं किट असलं की आरसीवर इंधन बदलून मिळतं. इलेक्ट्रिक किट लावता येतं, ठाण्याच्या एका कंपनीनं स्प्लेंडरसाठी असं किट काढलं आणि त्याला मान्यता पण मिळाली. म्हणजे गाडीचं इंजिनच काढून टाका, मोटर बसवा, बॅटरी बसवा, तपासून घेतलंय ना, मग चालतंय. दिव्यांग माणसासाठी गाडी बदलता येते, आणि ते योग्यच आहे. याचा अर्थ तपासून, नोंद करून बदल मंजूर करणं हे कायद्याला परकं नाहीये, ते तो रोज करतो. फक्त माझ्या १९८६ च्या गाडीला पुढं ड्रमच्या जागी डिस्क ब्रेक लावायचा म्हटला, जो लावल्यानं गाडी लवकर थांबेल आणि रस्त्यावरचा माणूस वाचेल, तर त्याला मात्र कुठलं टेबल नाही.

ही गाडी आमच्या आण्णांची. येझदी रोडकिंग. आण्णा दूध संघात होते, गावोगावच्या संस्थांवर जाऊन दुधाचं फॅट, एसएनएफ (फॅट सोडून बाकीचा घट्ट भाग) बघायचे, रोज साठ-सत्तर किलोमीटर, पावसाळ्यात गुडघ्याएवढ्या चिखलातनं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायचं, त्याचा तो वास आमच्या अख्ख्या लहानपणाला आहे, आई म्हणायची की वळणावरनं वास आला की मी चहाचं आधण ठेवते. २००३ ला त्यांनी हिरो होंडा घेतली आणि येझदी गोठ्याच्या मागं गेली, वर कडबा पडला, आणि तेरा वर्षं ती तिथंच. आण्णा गेले त्याच्या पुढच्या वर्षी, २०१६ ला मी ती बाहेर काढली.

इंजिन जाम. पिस्टन सिलिंडरला धरून बसलेला, डिझेल ओतून चार दिवस ठेवलं तेव्हा कुठं हलला. उद्यमनगरात एक मेस्त्री आहेत, सत्तरीच्या आसपास, जावा-येझदीशिवाय दुसऱ्या गाडीला हात लावत नाहीत, त्यांच्याकडं इंजिन नेलं. त्यांनी क्रँक हातात घेऊन कानाजवळ फिरवला आणि म्हणाले, "बाळ, कनेक्टिंग रॉड गेलाय, बेअरिंगं गेल्यात, सीलं तर वाळून पापड झाल्यात. मोटरबिटर काय बघू नको, आधी ही सीलं बघ, टू-स्ट्रोकचा जीव सिलात असतो." ते खरंच आहे, टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो, सील गळलं की हवा बाहेरनं ओढली जाते, मिक्श्चर पातळ होतं आणि पिस्टन परत जळतो. रिबोअर केलं, ओव्हरसाइज पिस्टन घातला, क्रँक प्रेसवर खोलून नवा रॉड, मग लेथवर डायल लावून आउट, म्हणजे फिरतानाचा वाकडेपणा, काढला. हे सगळं दीडशे मीटरच्या एका गल्लीत झालं. एक जण बोअर करणारा, एक प्रेसवाला, एक क्रोमवाला, एक फक्त स्पोक बांधून चाकाचा आउट काढणारा. ही माणसं कुठल्या कॉलेजात शिकली नाहीत, पण त्यांचं माप मी आमच्या लॅबमध्ये नेऊन बघितलंय आणि ते बरोबर निघालंय.

म्हैसूरची आयडियल जावा १९९६ ला बंद पडली. म्हणजे ही गाडी ज्या कारखान्यानं ड्रॉइंगप्रमाणे बनवली तो कारखानाच राहिला नाही. मूळ मडगार्ड कुठून आणायचं, मूळ सीट कुठून? जे डुप्लिकेट मिळतं त्याचा पत्रा बोटानं दबतो. माझ्या गाडीचं सीट उंदरांनी खाल्लेलं, मागचं मडगार्ड गंजून जाळी झालेलं, टाकी तेवढी शाबूत. पहिल्यांदा मी मिळेल ते लावून ती मूळ रूपातच उभी केली, २०१६ चं पासिंग पण तशीच करून आणली. मग दोन वर्षांनी ते डुप्लिकेट मडगार्ड घाटात तडकलं आणि चाकाला लागलं, तेव्हा ठरवलं की आता ही कॅफे रेसर करायची.

कॅफे रेसर म्हणजे नुसती फॅशन आहे असं म्हणणाऱ्यांना ती कुठनं आली ते माहीत नसतं. दुसऱ्या महायुद्धानंतरचं इंग्लंड, कारखान्यात, गॅरेजात कामाला लागलेली पोरं, हातात पहिल्यांदा स्वतःचा पैसा, आणि लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर एस कॅफे म्हणून एक ठिकाण. १९३८ ला सुरू झालेलं, ट्रकवाल्यांसाठीचं, आपल्या हायवेवरच्या ढाब्यासारखं, युद्धात बॉम्ब पडून उद्ध्वस्त झालं, १९४९ ला परत बांधलं. तिथं ही पोरं जमायची. त्यांना ताशी शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटरचा वेग गाठायचा होता आणि तेवढी वेगवान गाडी विकत घ्यायची त्यांची ऐपत नव्हती. म्हणून त्यांनी स्वतःच्या रोजच्या गाडीतनं जे जे नको ते काढलं, हँडल खाली नेलं, पाय मागं नेले, मागं छोटं कुबड असलेलं एकाच माणसाचं सीट. नॉर्टनची फेदरबेड चासी वळणावर सगळ्यात चांगली बसायची, बेलफास्टच्या मॅककँडलेस भावांनी केलेली, आणि ट्रायम्फचं ट्विन इंजिन जोरदार आणि सहज मिळणारं, मग एकाची चासी आणि दुसऱ्याचं इंजिन घेऊन ट्रायटन तयार झाली. दोन कंपन्यांच्या ड्रॉइंगांमध्ये कुठंच नसलेली गाडी. १९६५ ला बार्सिलोनाच्या चोवीस तासांच्या रेसमध्ये डेव्ह डीगन्सनं अशीच एक ट्रायटन, स्वतःच्या वर्कशॉपमध्ये बांधलेली, पहिली आणली. मोठमोठ्या कंपन्यांच्या गाड्या मागं राहिल्या.

त्यात मेली पण पोरं, ते लपवायचं कारण नाही. डोक्यावर हेल्मेट नाही, टायर साधे, ब्रेक ड्रमचे, आणि भरवस्तीच्या रस्त्यावर शंभर मैल. इंग्लंडनं त्यावर शिकाऊ पोरांना २५० सीसीची मर्यादा घातली, १९६० पासून जुन्या गाड्यांची सक्तीची तपासणी सुरू केली, १९७३ ला हेल्मेट सक्तीचं केलं. मला यातली गंमत अशी वाटते की त्या २५० च्या मर्यादेमुळंच रॉयल एनफिल्डनं शिकाऊ पोरांसाठी कंपनीतनंच कॅफे रेसर काढली, कॉन्टिनेंटल जीटी, १९६४-६५ च्या सुमाराला. पोरांना काय पाहिजे ते कंपनीनं बघितलं, सुरक्षेचं काय ते सरकारनं बघितलं, दोन्ही धरून एक गाडी झाली. त्याच नावाची गाडी २०१३ ला ५३५ सीसीत आली, २०१८ ला ६५० मध्ये आली, आता ती तमिळनाडूत बनते आणि जगभर जाते.

आणि इथंच माझा मुद्दा येतो. खाली घेतलेलं हँडल, मागं नेलेले फूटरेस्ट, हे कंपनीनं लावलं तर तीच गोष्ट शोरूमला लाखांत विकली जाते आणि उद्यमनगरातल्या माणसानं लावलं तर पाच हजार दंड. याला एक उत्तर आहे आणि ते मला मान्य आहे: कंपनीनं ते तपासून घेतलंय, तू घेतलेलं नाहीस. अगदी बरोबर. मग मला तपासून घ्या ना. माझी दुसरी मागणीच नाही.

जर्मनीत हे होतं. तिथं हँडल बदललं, चाक बदललं, तर टीयूव्हीसारख्या मान्यताप्राप्त संस्थेचा तज्ज्ञ गाडी बघतो, चालवतो, आणि ठीक असेल तर गाडीच्या कागदांवर त्या बदलाची नोंद होते. पोलिसानं अडवलं की कागद दाखवायचा, विषय संपला. इंग्लंडमध्ये मुळापासून बदललेल्या मोटरसायकलची एकेकट्या गाडीची तपासणी करून मंजुरी मिळते. तिकडं जुन्या गाड्यांचं काम हा अख्खा धंदा आहे, लेथवाले, रंगवाले, सीटवाले, वायरिंगवाले त्यावर घर चालवतात, जीएसटीसारखा कर भरून, पावती देऊन. आमच्याकडं हेच काम करणारा मेस्त्री पावती देत नाही, कारण पावतीवर काय लिहायचं, फेरफार केला म्हणून?

कायदा नसल्यानं काय होतं ते माझ्यावरनंच सांगतो. २०२१ ला पासिंग आलं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करायला लागतं. तोपर्यंत माझी गाडी कॅफे रेसर झालेली होती. मला जाणत्या माणसांनी सांगितलं, सोपं आहे, जुनं हँडल लाव, जुनं सीट लाव, साडीगार्ड लाव, नेऊन आण, घरी आल्यावर परत खोल. सगळे हेच करतात. मी पण केलं. शनिवारी रात्री पाने घेऊन बसलो, सगळं मूळचं बसवलं, पासिंग झालं, पुढच्या रविवारी परत खोललं. ज्या माणसानं अठरा वर्षं लोकांना हेच शिकवलंय की तपासणीला एक जॉब दाखवून दुसरा जॉब पाठवणं यापेक्षा मोठी चोरी कारखान्यात नाही, त्यानं हे केलं. मला त्याची लाज वाटते आणि म्हणून ते इथं लिहितोय. पण असं बघा, या व्यवस्थेत जी गाडी रस्त्यावर धावते ती कुणीच तपासलेली नाही आणि जी तपासली ती धावतच नाही. सुरक्षेसाठी असलेल्या नियमातनं सुरक्षाच निघून गेली. चासी कुठं कापलीय, वेल्डिंग कसं मारलंय, हँडल पूर्ण वळवलं तर बोटं टाकीत अडकतात का, हे बघणारा डोळाच त्या गाडीवरनं कधी फिरत नाही.

विम्याचं पण तसंच. फेरफार कळवला नसेल तर कंपनी क्लेम नाकारू शकते, आणि कळवायचं तर बेकायदेशीर गोष्ट लेखी कशी कळवणार. नुकसान फक्त मालकाचं नाही, त्या गाडीची धडक ज्याला बसली त्याचं पण आहे.

आता आमच्याच लोकांशी थोडं बोलायचंय, कारण खिडकी मागायची तर आपले हात पण स्वच्छ पाहिजेत. सायलेन्सरवर मी आधीच बोललो. १७५ सीसीच्या वरच्या मोटरसायकलला मंजुरीच्या वेळची आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे, आणि आवाज-धुरासाठी कलम १९०(२) वेगळं आहेच, १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिने लायसन बंद. ते कलम जोरात वापरा, माझी काही तक्रार नाही. आवाज म्हणजे कॅफे रेसर असं ज्याला वाटतं त्याला या कामातलं काहीच कळलेलं नाही. माझ्या गाडीला दोन सायलेन्सर आहेत, मुळात होते तसेच, आणि टू-स्ट्रोकला तर सायलेन्सरचा आकार ट्यूनिंगचाच भाग असतो, आतली जाळी काढून टाकली की आवाज वाढतो आणि ताकद कमी होते, हे किती पोरांना सांगून झालं.

दुसरं म्हणजे कटर. गेल्या दहा वर्षांत मी इतक्या आरएक्स १०० कापलेल्या बघितल्यात की मोजायचं सोडून दिलं. मागची चासी कापायची, वाकवलेला पाइप आर्कनं चिकटवायचा, त्यावर फळीसारखं सीट, मडगार्ड गायब, पावसात मागच्या माणसाच्या तोंडावर सगळा चिखल. शॉकअप जिथं बसतो तिथनं चार इंच मागं पातळ पाइपला आर्क वेल्डिंग मारलं की त्या शिवणीच्या शेजारचं लोखंड कमजोर होतं, आणि तडा नेमका तिथं जातो, रंगाखाली, न दिसता. आणि राजदूत ३५० कापणाऱ्याला तर काय म्हणावं. ती गाडी १९८३ पासून सात-एक वर्षं बनली, यामाहाच्या आरडी ३५० बीवरनं, त्या काळात आपल्या रस्त्यांना ती झेपली नाही, विकली गेली नाही आणि म्हणून आज थोड्याच उरल्यात. उरलेली प्रत्येक गाडी मूळ रूपात राहिली पाहिजे. साठच्या दशकातल्या जावाचं पण तेच. माझा स्वतःचा नियम असा की जे केलं ते पान्यानं परत उलटं करता आलं पाहिजे. माझ्या येझदीच्या चासीला एकही नवी शिवण नाही, एकही भोक नाही, सीट मूळच्याच बोल्टांवर बसतं, फायबरचं कुबड त्या सीटला धरून आहे. फूटरेस्ट मागं नेलेच नाहीत, कारण रोडकिंगची किक आणि गिअर एकाच लिव्हरवर, लिव्हर आत दाबून मागं घ्यायची, किक मारायची, परत पुढं आणली की तोच गिअर. पाय मागं नेला तर तिथपर्यंत पोचत नाही आणि लिंकेज लावलं तर किक अडकते. म्हणून अर्धीच कॅफे रेसर झाली असं काही जण म्हणतात. म्हणू देत, गाडी जे सांगते ते ऐकायचं असतं.

साडीगार्डचं मात्र मी चुकलो होतो. आपल्या नियमात मागच्या माणसाला धरायला काहीतरी, पाय ठेवायला काहीतरी आणि मागचं चाक निम्मं तरी झाकणारं कव्हर लागतं. मी पहिल्यांदा ते काढून टाकलं, एकाच माणसाची गाडी आहे म्हणून. मग एकदा बायकोला बसवून रंकाळ्यावर गेलो आणि तिची ओढणी चाकाजवळ फडफडताना बघितली. घरी येऊन दुसऱ्या दिवशी जाळीचं गार्ड बनवून घेतलं, काळं, बारीक सळईचं, आता गाडीवर ते शोभून पण दिसतं. नियम असतात त्याच्यामागं कुणाचा तरी जीव गेलेला असतो, हे मी मानतो. म्हणूनच तपासणी मागतोय, सूट मागत नाही.

धुराचं काय, असं विचारणारे बरोबर विचारतात. टू-स्ट्रोक धूर सोडते, जळालेलं ऑइल सोडते, २००० सालापासून नियम कडक होत गेले तशी ती बाजारातनं हळूहळू गेली ते शहरांच्या भल्याचंच झालं. ३१ मार्च २००० च्या आधीच्या दुचाकीला पीयूसीत ४.५ टक्के कार्बन मोनॉक्साईड चालतो, माझी गाडी त्याच्या निम्म्यात येते, सील आणि कार्बोरेटर नीट असला की येते. पण तरी मी म्हणेन की अशा गाड्या रोज ऑफिसला नेऊ नका. वर्षाला ठरावीक किलोमीटरची मर्यादा घाला, पर्यावरण कर जास्त घ्या, मी देईन. माझी गाडी वर्षाला हजार किलोमीटर पण होत नाही. एवढ्या वापराच्या गाडीसाठी ती भंगारात घालून नवी बनवायला किती लोखंड, किती ॲल्युमिनियम, किती वीज लागेल ते फाउंड्रीत काम करणाऱ्याला विचारा.

सरकारनं जुन्या गाड्यांचा विचारच केला नाही असं पण नाही. २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आले, पन्नास वर्षांच्या वरच्या गाडीला व्हीए मालिकेचा नंबर, नोंदणीला वीस हजार रुपये. पण अट अशी की गाडी मूळ रूपात पाहिजे, आणि रोजच्या वापराला ती चालवायची नाही. चांगला नियम आहे, संग्रह करणाऱ्यांसाठी. पण पंधरा ते पन्नास या मधल्या वयाच्या गाड्यांचं काय? आण्णांची येझदी व्हिंटेज व्हायला २०३६ उजाडणार. ऐंशी-नव्वदच्या दशकात ज्या गाड्यांनी खेड्यातली माणसं पहिल्यांदा मोटरसायकलवर बसवली, दूध, पेपर, खतं, पेशंट सगळं वाहिलं, त्या सगळ्या याच मधल्या पट्ट्यात आहेत.

आरटीओत आधीच गर्दी, त्यात हे नवं काम, मग एजंट, मग चिरीमिरी, पैसे दिले की काहीही पास, असं मला एका मित्रानं सुनावलं आणि त्याची भीती खोटी नाही. त्यासाठीच मी म्हणतो की हे काम माणसाच्या मर्जीवर ठेवू नका, यंत्रावर ठेवा. ब्रेक टेस्टरवर चाक किती जोरानं थांबतं तो आकडा येतो, आवाजाच्या मीटरवर डेसिबल येतो, दिव्याच्या मशीनवर झोताची दिशा येते, वजनकाट्यावर वजन येतं. स्वयंचलित तपासणी केंद्रं आता उभी राहतायत, तिथं हे चार आकडे आणि चासीचा फोटो, बस. चासीला कटर लागला असेल तर तिथंच नापास, त्यावर अपील नाही. पुढं हँडल, ब्रेक, सीटची किटं एआरएआयकडनं मंजूर करून विकता येतील, सीएनजी किटसारखी, आणि मग आमच्या उद्यमनगरातला माणूस असं एखादं किट बनवून अख्ख्या देशाला विकेल, त्याच्याकडं हुन्नर आहे, मंजुरीचा रस्ता नाही. हा कायदा केंद्राचा आहे, राज्याला एकट्याला बदलता येणार नाही, पण रस्ते वाहतूक खातं २०१४ पासून नागपूरच्या गडकरी साहेबांकडं आहे आणि इलेक्ट्रिक किटला दार उघडणारी दुरुस्ती याच काळातली आहे. त्याच दारात अजून एक फळी बसवायची आहे.

२०२६ ला माझ्या गाडीचं पासिंग परत येतंय. जुनं हँडल आणि जुनं सीट माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलंय, शेजारी तो डिस्क ब्रेकचा हबही आहे, सहा वर्षांपूर्वी घेतलेला, अजून न लावलेला. या वेळी मी ते गोणपाट सोडणार नाही. गाडी आहे तशी नेणार, सोबत आमच्या फॉरमॅटमधली डेव्हिएशन नोट, काय बदललंय ते एकेक करून, मूळ माप, आत्ताचं माप, चासीचे सगळ्या बाजूंनी फोटो, पीयूसीचा कागद, आवाजाचं रीडिंग, आणि वर एक साधा अर्ज की हे तपासून आरसीवर नोंद करून मिळावी, नाकारायचं असेल तर कारण लेखी द्यावं. मेस्त्रींना हे सांगितलं तर त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "अर्जावर माझं नाव घाल. इंजिन मी बांधलंय, सही मी करतो."